घराची पारख : खरेदीपूर्व तपासणीच्या प्रश्नाचा आढावा

मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील पंचावन्नावे कलम वाचण्याचा प्रसंग पहिले घर घेणाऱ्या माणसावर सहसा येत नाही. तो कागदपत्रे वकिलाच्या हाती देतो, वकील दस्ताचा मसुदा करतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा व छायाचित्र देऊन तो बाहेर पडतो, तेव्हा एवढा मोठा व्यवहार आपण कोणत्या नियमाखाली केला याची त्याला गंधवार्ताही नसते. त्या कलमाचा आशय असा, की मालमत्तेत किंवा विक्रेत्याच्या मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विक्रेत्याला ठाऊक असेल आणि साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराच्या ध्यानात येण्याजोगा नसेल, तर विक्रेत्याने तो उघड केला पाहिजे. वाचताना हे खरेदीदाराच्या संरक्षणाचे वाक्य वाटते आणि काही अंशी ते तसे आहेही. परंतु त्याच्या पोटातच दुसरा अर्थ आहे, तो असा, की साधारण काळजी घेतली असती तर जो दोष दिसला असता, तो सांगण्याची जबाबदारी या कलमाने विक्रेत्यावर टाकलेली नाही. त्याच्या दहा वर्षे आधीच्या, १८७२ च्या करार कायद्याच्या एकोणिसाव्या कलमातील अपवादही याच विचाराचा आहे : ज्याला सत्य शोधून काढण्याचे साधन साधारण दक्षतेने उपलब्ध होते, त्याला समोरचा गप्प राहिला एवढ्याच कारणावरून करार रद्द करून मागता येत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या दोन कायद्यांनी वापरलेला ‘साधारण काळजी’ हा शब्दप्रयोगच माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. काँक्रीट म्हणजे काय, त्यातील सळई कशाने गंजते, शौचालयाच्या लाद्यांखालचे पाणी कोणत्या वाटेने खालच्या घरात उतरते, यांतले काहीही ज्याला ठाऊक नाही, अशा कारकुनाने, शिक्षिकेने किंवा संगणकावर काम करणाऱ्या तरुणाने घर घेताना कोणती काळजी घेतली म्हणजे ती ‘साधारण’ ठरेल? माझे उत्तर असे, की जे पाहण्याची दृष्टी आपल्यापाशी नाही, ते पाहू शकणाऱ्या माणसाला मेहनताना देऊन बरोबर नेणे हीच आजच्या काळातली साधारण काळजी होय, आणि ती इसार देण्यापूर्वी किंवा निदान साठेखत होण्यापूर्वी घेतली गेली पाहिजे.

पूर्वीच्या माणसाला अशा भाडोत्री दृष्टीची गरज फारशी पडली नाही, याचे कारण घर बांधवून घेणारा आणि त्यात राहणारा हे एकच असत. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण त्या जगातली आहे. पाया किती खोल गेला, दगड कोणत्या खाणीचा आला, चुना किती दिवस मळला, तुळईला लाकूड सागाचे की आंब्याचे, हे सारे मालकाने उन्हात उभे राहून पाहिलेले असे, आणि गवंडी व सुतार गावातलेच असल्याने दोष निघाला तर जाब विचारायला दूर जावे लागत नसे. बांधलेले घर विकतानाही व्यवहार एकांतात होत नसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचे जे प्रकरण आहे, त्यात घर विकण्याची घोषणा त्या घरासमोर, शेजारच्या कुळांच्या समक्ष करावी असे सांगितले आहे. ज्यांनी ते घर पावसात आणि उन्हाळ्यात वर्षानुवर्षे पाहिले, त्यांच्या देखत ते विकले जाई. त्या शेजाऱ्यांचे ज्ञान हीच एक प्रकारची तपासणी होती.

मुंबईसारख्या शहरात हे ज्ञान दोन टप्प्यांत हरवले. चाळीत राहणारा माणूस भाडेकरू होता. छत गळले तर तो घरमालकाकडे तक्रार करी, पण छताच्या आयुष्याशी त्याची आयुष्यभराची कमाई बांधलेली नव्हती. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तेव्हा सभासद आधी एकत्र आले आणि इमारत मागाहून उभी राहिली. बांधकामावर देखरेख करणारे त्यांतलेच लोक होते. स्वातंत्र्यानंतर मालकीच्या सदनिकांचा व्यापार वाढला, तेव्हा हा क्रम उलटा झाला : इमारत बांधणारा एक, विकत घेणारे अनेक, आणि त्यांची संस्था सर्वांत शेवटी. या नव्या व्यवहारातील लबाड्या पाहूनच महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी सदनिकांविषयीचा कायदा केला. परंतु बांधताना उभे राहून पाहणारा डोळा एकदा व्यवहारातून गेला तो गेलाच, आणि त्याची जागा कोणी घ्यावी हे त्या कायद्याने सांगितले नाही.

अन्य देशांनी ही जागा आपापल्या परीने भरली आहे. इंग्लंडात घरांची पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकांची संस्था १८६८ मध्ये निघाली आणि पुढे तिला राजसनद मिळाली. तेथे खरेदीदार स्वतःच्या खर्चाने इमारतीचा अहवाल मागवतो. स्कॉटलंडने १ डिसेंबर २००८ पासून हा भार विक्रेत्यावर टाकला : घर बाजारात मांडण्यापूर्वीच त्याने सर्वेक्षकाचा अहवाल तयार ठेवायचा आणि येणाऱ्या प्रत्येक इच्छुकाला तो दाखवायचा. अमेरिकेत घरतपासनिसांची राष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली, आणि न्यू जर्सीत किंवा टेक्सासात घर घेणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना ‘इन्स्पेक्शन’ हा शब्द करारातील एका अटीच्या रूपाने परिचित आहे : अहवाल समाधानकारक नसेल तर दुरुस्ती मागावी, किंमत कमी करून घ्यावी किंवा करारातून बाहेर पडावे. स्कॉटलंडची पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण एकाच घरासाठी दहा इच्छुकांनी दहा वेळा खर्च करण्याऐवजी तेथे एकच अहवाल सर्वांच्या उपयोगी पडतो. परंतु ती कायद्यानेच येऊ शकते, आणि तोपर्यंत आपल्या खरेदीदाराला आपली तजवीज स्वतःच करावी लागणार.

आपल्याकडे तपासणी होतच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. कागदांची तपासणी होते आणि ती बऱ्याच बारकाईने होते. वकील तीस वर्षांचा शोध घेऊन दाखला देतो. सातबारा, फेरफार, शहरात मालमत्ता पत्रक, सूची क्रमांक दोन, अकृषिक परवानगी, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, गहाणाचा बोजा असल्यास त्याची नोंद, संस्थेचे ना-हरकत पत्र, जमिनीचे अभिहस्तांतरण झाले की नाही, हे सारे पाहिले जाते आणि पाहिलेच पाहिजे. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे पती व पत्नी दोघांची संमती आणि वारसांची मालिका तपासल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. कागद तपासण्यात कुचराई झाली म्हणजे काय होते, याचा दाखला वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीने दिला आहे : परवानगी पाच मजल्यांची असताना इमारती त्यापुढे चढत गेल्या, एक तर वीस मजल्यांपर्यंत गेली, आणि तीस वर्षांनंतर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे वरच्या मजल्यांवरील कुटुंबांचे काही चालले नाही.

अडचण अशी, की या कागदांवरचे शिक्के पाहून खरेदीदाराची अशी समजूत होते, की इमारतही कोणीतरी पाहिलेली आहे. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे सगळे ठीक असणारच,’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याचा स्वतंत्र विचार करणे भाग आहे. बँकेचा मूल्यनिर्धारक येतो, हे खरे. पण तो बँकेसाठी येतो. तारण ठेवलेल्या वस्तूची बाजारात काय किंमत येईल, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही, एवढे पाहून तो जातो. न्हाणीघराच्या भिंतीला हात लावून पाहणे त्याच्या कामात मोडत नाही. शिवाय बँक घराची पूर्ण किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. उरलेला हिस्सा खरेदीदाराच्या खिशातून जातो, आणि घराची किंमत दोषामुळे उतरली तर सर्वांत आधी बुडतो तो हाच हिस्सा. म्हणजे बँकेला जेवढी तपासणी पुरते, तेवढी कर्जदाराला पुरत नाही.

स्थावर संपदा कायद्याखालील नोंदणीविषयीही असाच गैरसमज आहे. २०१६ चा तो कायदा खरेदीदारासाठी मोठाच आधार आहे. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने मनाई केली आणि चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. पण महारेराचा नोंदणी क्रमांक म्हणजे काँक्रीट तपासल्याचा दाखला नव्हे. विकासकाने सादर केलेल्या कागदांच्या आधारे तो मिळतो. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी अशी नोंदणी मिळवली गेली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या क्रमांकावर विश्वासून आयुष्याची पुंजी घातलेल्या कुटुंबांचे चेहरे वर्तमानपत्रांतून साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. परवानगीच्या प्रतीवरील क्रमांक महापालिकेच्या दप्तरात स्वतः जाऊन पडताळावा, एवढाच धडा माझ्या मते त्यातून घेण्याजोगा आहे, आणि तो घेणे कठीण नाही.

आता भिंतींकडे येतो. माझ्या भाच्याने ठाण्यात घर घ्यायचे ठरवले, तेव्हा त्याने पसंत केलेली सदनिका १९८० नंतरच्या दशकात बांधलेल्या एका चार मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. दोनदा मिळून तासभर तो तिथे जाऊन आला होता. हवा छान, रेल्वे स्थानक जवळ, रंग नवा. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आमच्या परिचयाचे एक अभियंते आहेत, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांना बरोबर न्यावे असे मी सुचवले, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, घरमालकांना वाईट नाही का वाटणार?” वाईट वाटले नाही. अण्णांनी आत शिरताच चप्पल काढली, घरमालकांना नमस्कार केला आणि “आपली हरकत नसेल तर थोडं ठोकून बघतो,” असे म्हणून पिशवीतून एक लहानशी हातोडी, ओळंबा, टॉर्च आणि टेस्टर काढला.

पुढचे दोन तास मी जे पाहिले, ते कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नव्हते. अण्णा हातोडीच्या दांड्याने लाद्यांवर हलके ठोके देत चालले, आणि दिवाणखान्यात घट्ट येणारा आवाज स्वयंपाकघराच्या दारापाशी एकाएकी पोकळ झाला. लाद्यांखालचा माल सुटला होता. नवा रंग सगळीकडे सारखाच वाटत होता, पण न्हाणीघराला लागून असलेल्या शयनगृहाच्या भिंतीवर टॉर्च आडवा धरताच रंगाखाली फुगलेले पापुद्रे आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पांढरी पूड दिसली. “लोणा,” अण्णा म्हणाले, “पाणी आत येतंय, सुकतंय आणि मीठ मागे ठेवून जातंय. रंग देऊन लोणा जात नाही.” त्यांनी न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतले, अर्धे पाणी जाळीकडे गेले आणि अर्धे कोपऱ्यात थांबून राहिले, म्हणजे फरशीचा उतार चुकला होता. दाराच्या चौकटीला ओळंबा लावला तो सरळ उतरला. स्वयंपाकघरातील एका सॉकेटला अर्थिंग नव्हते. वरची टाकी रिकामी होत आल्याने नळाला पाणी किती जोराने येते हे त्या वेळी समजले नाही, म्हणून त्यांनी सकाळी सातला पुन्हा यायला सांगितले. दिवाणखान्याच्या छताला प्लास्टर ऑफ पॅरिसची शोभेची छतपट्टी होती. तिच्या मागे काय आहे हे पाहता येणार नाही, असे त्यांनी वहीत स्पष्ट लिहून ठेवले. जे पाहता आले नाही ते लिहून ठेवणे हे चांगल्या तपासनिसाचे लक्षण आहे.

खरा विषय खाली, वाहने उभी करण्याच्या मोकळ्या तळमजल्यावर निघाला. मागच्या बाजूच्या एका खांबाचा गिलावा आणि त्यामागचे काँक्रीट हातभर लांबीचे सुटून पडले होते आणि सळई तांबूस उघडी पडली होती. अण्णांनी एका लहान बाटलीतून फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचे थेंब ताज्या खरवडलेल्या काँक्रीटवर टाकले. आतल्या बाजूला ते लगेच गुलाबी झाले. बाहेरच्या दोन बोटे जाडीच्या थरावर रंग आलाच नाही. ताज्या सिमेंटमध्ये क्षारधर्म असतो आणि त्या आवरणात सळई गंजत नाही. परंतु हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की हा क्षारधर्म बाहेरून आत क्रमाने नाहीसा होतो, आणि ही सीमा सळईपर्यंत पोहोचली की गंज सुरू होतो. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी पटीने जास्त जागा घेते, म्हणून ते काँक्रीटला आतून फोडते, भेगेतून पाणी अधिक जाते आणि गंज अधिक वाढतो. खांबातील मुख्य सळईभोवती किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे कवच असावे असे भारतीय मानकात सांगितले आहे. त्या काळच्या अनेक इमारतींत सळई त्याहून पुष्कळ वर आलेली आढळते, आणि मुंबई, ठाणे, वसई किंवा रत्नागिरीसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात हवेतील मीठ या प्रक्रियेला हातभार लावते.

अण्णांनी तेथून पुढचे पाऊल सांगितले, ते मला महत्त्वाचे वाटते : संस्थेच्या सचिवांकडे जाऊन संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागायचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी असे नमूद आहे. अहवाल मिळाला तर त्यात हातोडीच्या उसळीवरून पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारी चाचणी आहे का, ध्वनिलहरींचा वेग मोजून आतील पोकळी शोधणारी चाचणी आहे का, की केवळ पाहून लिहिलेले दोन परिच्छेद आहेत, हे पाहावे. आणि अहवालच नसेल तर तेही एक उत्तर आहे. एका सदनिकेची तपासणी करून इमारत समजत नाही. आपण चार भिंती विकत घेतो असे वाटते, पण प्रत्यक्षात आपण खांब, तुळया, गच्ची, टाकी, मैलापाण्याचे नळ आणि शेजाऱ्यांची शिस्त यांतला एक हिस्सा विकत घेत असतो.

शेजाऱ्यांची शिस्त हे शब्द मी विचारपूर्वक लिहितो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधाराला धक्का लागल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरील रहिवाशांच्या स्वतःच्या घरात कदाचित एकही भेग नसेल. महाडची तारीक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी पडली, तेव्हा तिला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. तेथे १६ माणसे गेली. विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत २०२५ च्या ऑगस्टात, गणेशचतुर्थी उजाडण्यापूर्वीच्या मध्यरात्री कोसळली, आणि तिने १७ जणांचा बळी घेतला. या घटना मी भीती घालण्यासाठी सांगत नाही, कारण बहुसंख्य सदोष घरे कोसळत नाहीत. ती केवळ गळतात, आजारी पाडतात आणि दरवर्षी दुरुस्तीचा पैसा खातात. परंतु ‘इमारत जुनी असेल तरच तपासणी हवी’ हा समज किती घातक आहे, हे महाडच्या उदाहरणानंतर तरी कोणाला वेगळे समजावून देण्याची गरज पडू नये.

प्रदेश बदलला की दोषही बदलतात, आणि म्हणून तपासणारा माणूस त्याच भागात काम केलेला असावा. सोलापूर, नागपूर किंवा पुण्याच्या भोवताली काळ्या मातीवर बांधलेल्या बंगल्यात आणि रो-हाउसमध्ये पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे भिंतींतील तिरप्या भेगा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर घर तिच्याबरोबर वर-खाली होते. कोकणात व गोव्यात जांभ्याच्या जुन्या घरांत ओल आणि वाळवी ही जोडी शोधावी लागते. कौलाखालच्या वाशाच्या टोकाला सुरीचे टोक टोचून पाहिले तर जे समजते ते दुरून छायाचित्र काढून समजत नाही. भूकंपाचा विचार आपण फार कमी करतो, वास्तविक कोयना १९६७ मध्ये आणि किल्लारी १९९३ मध्ये हादरली आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती पडल्या, त्यांतल्या कित्येक तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेल्या, नुसत्या खांबांवर उभ्या असलेल्या होत्या. आपल्या शहरांत आज अशा इमारती रस्तोरस्ती आहेत.

नव्या सदनिकेचा विचार निराळा आहे, आणि येथे कायदा खरेदीदाराच्या बाजूने स्पष्टपणे उभा आहे. स्थावर संपदा कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे कब्जा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील किंवा सेवासुविधांतील दोष विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावयाचा असतो. त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मूळ खरेदीदाराकडून पुढे घर घेणाराही ‘वाटपग्राही’ ठरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तीन वर्षांच्या इमारतीत पुनर्विक्रीचे घर घेणाऱ्याने उरलेली दोन वर्षे हातची घालवू नयेत. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत कब्जा घ्यावा अशी तरतूद आहे. ते दोन महिने केवळ पूजेचा मुहूर्त शोधण्यात न घालवता त्यांतला एक दिवस घर तपासण्याला द्यावा, चटई क्षेत्र टेपने मोजावे, प्रत्येक दोषाचे तारखेसह छायाचित्र घ्यावे आणि दोषांची यादी लेखी देऊन तिची पोच घ्यावी. कब्जा घेताना ‘सदनिका सुस्थितीत मिळाली’ अशा छापील कागदावर सही करून घेण्याची रीत आहे. आधी यादी, मग सही, हा क्रम ज्याने सोडला त्याला पुढे प्रत्येक भेग ‘तुम्ही राहायला आल्यानंतर पडली’ असे ऐकून घ्यावे लागते.

तपासणीला होणारे आक्षेप मी नीट ऐकले आहेत. पहिला खर्चाचा. मुंबईत ६० लाखांच्या घरावर सहा टक्क्यांप्रमाणे तीन लाख ६० हजार रुपये मुद्रांकशुल्क आणि वर ३० हजार नोंदणीशुल्क भरावे लागते, आणि दलाली असल्यास ती निराळी. दोन-चार तासांच्या तपासणीचा मेहनताना यांच्या शेजारी ठेवला तर तो वाहतुकीच्या खर्चाइतकाच वाटेल. घराची दिशा पाहण्यासाठी वास्तुतज्ज्ञाला आदराने दक्षिणा देणारी कुटुंबे माझ्या पाहण्यात आहेत. ज्याला जी श्रद्धा असेल ती असो, पण त्याच श्रद्धेने ओळंबा घेऊन येणाऱ्या माणसाचेही स्वागत व्हावे, एवढे माझे मागणे आहे. दुसरा आक्षेप घाईचा : ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आजच टोकन द्या.’ अशा वेळी थांबायला सांगणे कठीण असते, हे मी जाणतो. मात्र ज्या घराला एक दिवसाची तपासणी सोसत नाही, त्या घरात तीस वर्षे हप्ते भरत राहणे अधिक कठीण आहे. तिसरा आक्षेप आपल्या शहरांतला खास आहे : ‘इमारत पुनर्विकासाला जाणारच आहे, मग तपासायचे काय?’ पुनर्विकास दहा वर्षे रखडलेल्या इमारती मुंबईत कमी नाहीत, आणि त्या दहा वर्षांत माणसे त्याच छताखाली झोपतात. तेव्हा असे घर घेणाऱ्याने इमारतीची तपासणी अधिक करावी, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे की नाही तेही पाहावे, कारण ते नसेल तर पुनर्विकासाचे गणितच अडते.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. घरतपासनिसाच्या कामासाठी आपल्याकडे स्वतंत्र परवाना नाही, त्यामुळे कोणीही स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेऊ शकतो. असा परवाना येईपर्यंत महापालिकेकडे नोंदलेला संरचना अभियंता निवडावा, तो दलालाने सुचवलेला नसावा, दुरुस्तीचे कंत्राट घेणारा नसावा, आणि त्याने अहवाल लेखी, सहीनिशी द्यावा. एवढ्या तीन-चार अटींनी बराचसा धोका टळतो. राज्याने मुद्रांकशुल्कातून जी रक्कम घरखरेदीदारांकडून घ्यावी, तिच्या बदल्यात या व्यवसायाची नोंदणी आणि शिस्त घालून द्यावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. स्कॉटलंडच्या धर्तीवर निदान पंधरा वर्षांहून जुन्या इमारतींत पुनर्विक्रीच्या वेळी संरचनात्मक अहवालाची प्रत साठेखताला जोडणे सक्तीचे केले, तर संस्थांनाही तो अहवाल वेळेवर करवून घ्यावा लागेल.

भाच्याच्या घराचे पुढे काय झाले, ते सांगतो. अण्णांचा अहवाल पाच पानांचा होता. त्यात खांबाचा प्रश्न पहिल्या पानावर होता आणि सॉकेटचा शेवटच्या. भाच्याने तो घरमालकांना वाचायला दिला. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “खांबाचं मला माहीत होतं हो, पण संस्थेत विषय काढला की भांडणं होतात.” त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत तो अहवाल ठेवला, आणि एका बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या पाच पानांमुळे जे अनेक वर्षे झाले नव्हते ते झाले : संस्थेने इमारतीची संरचनात्मक तपासणी करवून घेण्याचा ठराव केला. त्या तपासणीत एकूण तीन खांबांना आधार देऊन दुरुस्ती सुचवली गेली. दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदाच्या वाट्याला येणारी रक्कम किमतीतून वजा करून भाच्याने घर घ्यायचे ठरवले. त्याच्या इसारपावतीवर, रकमेच्या आकड्याखाली, वकिलाने एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घातले आणि दोघांनी त्यापुढे सही केली : ‘अभियंत्याच्या अंतिम अहवालात इमारत राहण्यास असुरक्षित आढळल्यास ही रक्कम विनाकपात परत करण्यात येईल.’